हॉस्पिटल आणि शाळेच्या स्टाफसाठी कायद्याचा अर्ध्या दिवसाचा क्लास, धंतोली, नागपूर: एका सिस्टरचा रिव्ह्यू

रेटिंग पहिलेच देऊन टाकते, ५ पैकी ४. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारीपण लिहिल्या आहेत, आणि वकील मॅडम इतक्या मनापासून शिकवतात की माझ्या लिहिण्याने त्यांचं नुकसान झालं तर मलाच वाईट वाटेल. धंतोलीत एका हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेनऊ ते दीड, माणशी ६०० रुपये, चहा आणि तर्री पोहे त्यातच. विषय असा की ड्युटीवर असताना कोणी अंगावर हात टाकला तर कायदा आपल्याला काय देतो आणि तो मागायचा कसा. जाहिरातीत हॉस्पिटल स्टाफ आणि शिक्षक दोघांसाठी असं लिहिलं होतं म्हणून मी आणि माझी नणंद दोघी गेलो. मी एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, बारा वर्षं झाली. नणंद एका विनाअनुदानित शाळेत सातवीला शिकवते.

मी का गेले ते आधी सांगते, नाहीतर ६०० रुपये देऊन रविवारची सुट्टी कोण घालवतं. सव्वा वर्षापूर्वी जानेवारीत नाईटला होते. रात्री दोन-अडीचची वेळ, छिंदवाड्याकडून एक आजोबा आणले होते, छातीत दुखून राहिलं होतं, चार तासांचा प्रवास करून आलेले, सोबत सगळे घाबरलेले. ड्युटी डॉक्टर वर आयसीयूत एका पेशंटला सीपीआर देत होते. मी आजोबांना ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, व्हेन शोधत होते तेवढ्यात त्यांच्या नातवाने विचारलं डॉक्टर कुठंय, मी म्हटलं वर इमर्जन्सीला आहेत, निरोप गेलाय, येतीलच. बस, एवढंच बोलले होते मी. त्याने कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. गेटवरचे गार्ड काका धावत मध्ये आले तर त्यांनाही ढकललं, ते स्ट्रेचरवर आपटले आणि धक्क्याने मॉनिटर खाली. आणि त्यानंतर आजोबांना सलाईन मीच लावलं, कारण दुसरं कोणी नव्हतंच, हात थरथरून राहिला होता तरी दुसऱ्या प्रयत्नात व्हेन सापडली.

पोलीस आले, चांगले वागले तसे, पण प्रश्न एकच की रक्त निघालं का, फ्रॅक्चर वगैरे आहे का. नाही म्हटलं तर एनसी लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिच्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ पोटकलम २, साधी दुखापत. मी सही केली. सकाळी ऑफिसमधून सांगितलं की सिस्टर जाऊ द्या, बिल अजून निघायचंय, विषय वाढवू नका. मी जाऊ दिलं. कानात महिनाभर शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मला तेव्हा हे माहीतच नव्हतं की आपल्या महाराष्ट्रात याच गोष्टीसाठी एक वेगळा कायदा २०१० पासून आहे. बारा वर्षं नोकरी करते, कोणीच कधी सांगितलं नाही, ट्रेनिंगला नाही, नोकरीला लागताना नाही, त्या रात्री ठाण्यातही नाही.

आता क्लासबद्दल. चाळीसेक जण होते, जास्त करून सिस्टर आणि ब्रदर, लॅबवाले, दोन-तीन तरुण डॉक्टर, आठ-दहा शिक्षिका. मॅडमने आल्या आल्या ना स्वतःची ओळख दिली ना काही, सरळ विचारलं की नोकरीवर असताना कोणाकोणावर हात उचलला गेलाय. अर्ध्याहून जास्त हात वर. मग विचारलं की यातल्या किती जणांकडे एफआयआरची कॉपी आहे. दोन हात. हॉल एकदम शांत झाला. माझ्या बाजूला बसलेली मुलगी, जेमतेम बावीस-तेवीसची असेल, तिचा पहिला हात अजून वरच होता, खाली घ्यायचं विसरली होती.

मग पहिला दीड तास फक्त त्या २०१० च्या कायद्यावर. नाव लांबलचक आहे, मॅडमने पाठ करून घेतलं नाही, म्हणाल्या ठाण्यात एवढंच म्हणा, महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था यांच्यावरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २०१०. सगळ्यात मोठी गोष्ट मला ही कळली की त्यात हिंसा म्हणजे फक्त मार नाही. इजा, जिवाला धोका, धमकावणं, कामात अडवणूक करणं, सामानाची तोडफोड, हे सगळं हिंसेच्या व्याख्येत येतं. म्हणजे रक्त निघालं का हा प्रश्नच लागू नाही! अंगावर धावून येऊन सलाईन लावू दिलं नाही तरी चालतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायचाच, कोर्टाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातूनच जामीन मिळून तो माणूस तासाभरात परत वॉर्डाच्या दारात उभा असं होत नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि प्रायव्हेट हॉस्पिटल, नर्सिंग होम सगळी यात येतात, हे खास सरकारीवाल्यांचं नाही. व्यक्तींच्या यादीत नोंदणीकृत डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी.

हे ऐकताना मला मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं. राग नव्हता, काहीतरी वेगळंच होतं. माझ्यासोबत झालेलं सगळं त्या एका पानावर लिहिलेलं होतं, आणि मी ११५ वर सही करून घरी गेले होते.

तोडफोडीचं पण आहे. ज्याने उपकरण फोडलं त्याने खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम भरायची, नाही भरली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मॅडमने यावर एक कामाची गोष्ट सांगितली की दुप्पट कशाची तर खरेदी किमतीची, मग खरेदीचं बिल दाखवावं लागणार, तुमच्या स्टोअरला मॉनिटरची, सक्शन मशीनची बिलं सापडतात का ते उद्याच जाऊन बघा. आमच्याकडे मी खरंच जाऊन विचारलं. तो फुटलेला मॉनिटर भंगारात गेला होता आणि बिल अकाउंटवाल्यांनाही सापडलं नाही.

पण खरे पैसे वसूल झाले ते दुसऱ्या भागात. मॅडमने एक टेबल लावलं, त्यामागे एका ब्रदरला ठाणे अंमलदार म्हणून बसवलं आणि एकेकाला समोर बोलावून तक्रार सांगायला लावली. पहिली सिस्टर गेली ती म्हणाली, सर, नातेवाईकांनी वाद घातला, मारामारी झाली. मॅडमने तिथेच थांबवलं. म्हणाल्या मारामारी दोघांची असते, तुम्ही कोणाला मारलं? नाही ना, मग तो शब्द तोंडातून काढू नका, वाद पण म्हणू नका. मग सगळ्यांकडून एकच वाक्य चार-चार वेळा घोटून घेतलं: मी नोंदणीकृत परिचारिका, हा माझा नोंदणी क्रमांक, मी ड्युटीवर पेशंटला सेवा देत असताना या व्यक्तीने माझ्यावर हल्ला केला आणि मला काम करू दिलं नाही, माझी तक्रार २०१० च्या कायद्याखाली नोंदवा. त्यात वेळ, जागा, पेशंटचा आयपीडी किंवा ओपीडी नंबर, तिथे कोण कोण होतं त्यांची नावं. ठाणे अंमलदार झालेला ब्रदर मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारत होता, ताई कशाला कोर्टाच्या चकरा मारता, पोरगा लहान आहे, माफी मागून राहिला आहे. आणि आम्ही सगळ्या, ज्या वॉर्डात दहा-दहा नातेवाईकांना सांभाळतो, त्या खोट्याखोट्या टेबलासमोर पण अडखळत होतो. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज पहिल्या वेळी फुटलाच नाही. तिसऱ्या वेळी नीट आला. हे पुस्तक वाचून येत नाही, यासाठी कोणीतरी समोर बसून चूक काढणारं लागतं.

ठाण्यात नाहीच घेतली तक्रार तर काय, तेही नीट सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, एफआयआर आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. आधी ते १५४ होतं. घटना कोणत्याही हद्दीतली असो कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. कॉपी फुकट मिळते, ती मागायला लाजायचं नाही. नाही म्हटलं तर लेखी तक्रार वरच्या अधिकाऱ्यांकडे पोस्टाने, म्हणजे जिल्ह्यात एसपी आणि आपल्या शहरात डीसीपी, त्यानंतरही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५ पोटकलम ३ चा अर्ज. आणि आपली स्वतःची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे लागलेल्या माराची पोलिसांसाठी डॉक्टरने केलेली नोंद) करायची, त्याच रात्री, त्याच कॅज्युअल्टीत. हे ऐकून सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं कारण आम्ही दिवसाला दहा जणांच्या एमएलसीचे कागद भरतो आणि स्वतःला लागलं तर बर्फ लावून पुढच्या पेशंटकडे जातो. सीसीटीव्हीचं फुटेज लगेच लेखी अर्ज देऊन वेगळं सेव्ह करून ठेवायला सांगायचं, कारण डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, जुन्यावरच नवं रेकॉर्ड करत जातो, आणि कोर्टात ते चालायला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. आमचं फुटेज कधीच पुसलं गेलं.

सरकारी दवाखान्यातल्या लोकांना थोडं जास्त संरक्षण आहे. मेडिकलच्या दोन सिस्टर आल्या होत्या (बाहेरच्यांसाठी, नागपुरात मेडिकल म्हटलं की जीएमसी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), त्यांना मॅडमने सांगितलं की तुम्ही लोकसेवक, तुम्हाला २०१० चा कायदा तर आहेच, वरून न्याय संहितेचं कलम १३२ आणि दुखापत झाली तर १२१. १३२ म्हणजे जुनं ३५३, ज्याला सगळे सरकारी कामात अडथळा म्हणतात. यात एक गोष्ट मला खटकली, मॅडमनाही खटकलेली दिसली. जुन्या ३५३ ची शिक्षा महाराष्ट्राने दुरुस्ती करून ५ वर्षांपर्यंत वाढवली होती, नव्या संहितेत १३२ ला २ वर्षंच लिहिली आहेत. लोकांना वाटतं नवा कायदा म्हणजे जास्त कडक, प्रत्येक ठिकाणी तसं नाही.

२०१७ चं धुळं सगळ्यांना आठवत असेल, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टरला इतकं मारलं की डोळ्याला कायमची इजा झाली, मग राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, त्यानंतर सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आले. कायदा तेव्हा सात वर्षांचा होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर जी कर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला त्यानंतर केंद्राने आपल्या हॉस्पिटलांना लेखी कळवलं की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेच्या प्रमुखाने एफआयआर करायचा, संस्थेच्या नावाने. हे मला सगळ्यात जास्त पटलं. एकटी सिस्टर तक्रारदार असली की फोन तिला येतात, तिच्या घराखाली माणसं येऊन उभी राहतात. तक्रारदार हॉस्पिटल असलं तर तसं होत नाही. ते पत्र केंद्राच्या हॉस्पिटलांसाठी, आपल्याकडे मिहानच्या एम्सला लागू, पण मॅडम म्हणाल्या प्रायव्हेटने असा नियम स्वतःचा करायला कोणी अडवलेलं नाही, मॅनेजमेंटला एक पानाचा ठराव करायला किती वेळ लागतो. मॅनेजमेंटमधलं कोणीच हॉलमध्ये नव्हतं. ही माझी पहिली तक्रार, आणि ती मॅडमबद्दल नाही, हॉस्पिटल चालवणाऱ्यांबद्दल आहे.

चहाच्या आधी मी गार्ड काकांचं विचारलं. त्यांचं वय अठ्ठावन्न, एजन्सीचे आहेत, त्या रात्री माझ्यासाठी मध्ये पडले आणि पाठीला मार बसला. मॅडम म्हणाल्या आपल्या कायद्याच्या यादीत सिक्युरिटी गार्डचं नाव नाही. त्यांच्यासाठी साधी कलमं. केरळने २०२३ मध्ये एका तरुण डॉक्टरचा ड्युटीवर खून झाल्यावर आपला कायदा बदलला, त्यात गार्ड, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, ऑफिसवाले, मदतनीस सगळे घेतले आणि गंभीर दुखापतीला शिक्षा ७ वर्षांपर्यंत नेली. कोविडमध्ये केंद्राने २०२० ला साथरोग कायद्यात दुरुस्ती केली होती तेव्हा घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकासुद्धा त्यात होत्या, ३० दिवसांत तपास, वर्षभरात खटला संपवायचा प्रयत्न, सगळं लिहिलं होतं. पण ते साथ असेपर्यंतच. पेशंटसोबत पन्नास जण आत घुसतात तेव्हा पहिला मार कोण खातं हे कुठल्याही वॉर्डबॉयला विचारा. त्याचं आणि गार्डचं नाव आधी असायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नणंदेचा भाग, जिथे स्टार गेला.

तिच्या शाळेत मागच्या जुलैत एका मुलाचे वडील मधल्या सुट्टीत सरळ वर्गात आले, मुलाला वहीत लाल शेरा दिला म्हणून तिच्यावर वही फेकली, दंड धरून ओढलं. चाळीस मुलांसमोर. ती तीन दिवस शाळेत गेली नाही. जाहिरातीत शिक्षक लिहिलं होतं म्हणून ती आशेने आली होती, पहिले अडीच तास हॉस्पिटलचं सगळं वहीत लिहून घेतलं, मध्ये एकदा हळूच मला म्हणाली, वहिनी, आमचं कधी सुरू होते? शिक्षकांचं सुरू झालं साडेबाराला. आणि त्यातली पहिली पंचवीस मिनिटं शिक्षकांनी काय करू नये यावर गेली, आरटीई कायद्याचं कलम १७, मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देता येत नाही वगैरे. ते बरोबरच आहे, मलाही मान्य आहे, माझीही मुलं शाळेत आहेत. पण मार खाऊन आलेल्या बाईला पहिलं वाक्य हे ऐकवायचं नसतं. आम्हाला दवाखान्यात कोणी असं ऐकवलं असतं की आधी सांगा तुम्ही पेशंटशी नीट बोलला होता का, तर हॉल उठून गेला असता.

नंतर जे सांगितलं ते थोडंच पण नीट होतं. जिल्हा परिषद, महानगरपालिका शाळेतले शिक्षक लोकसेवक, त्यांना १३२ आणि १२१ मिळतं. विनाअनुदानित शाळेतल्यांना ते नाही. डॉक्टर-नर्ससारखा शिक्षकांसाठी वेगळा कायदा महाराष्ट्रात नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन शाळा, दोन बायका, एकच विषय शिकवतात, एकीला हात लावला तर सरकारी कामात अडथळा आणि दुसरीला लावला तर एनसी. नणंदेने पेन खाली ठेवलं. मला तिच्याकडे बघवेना.

मग मॅडमने तिला वेगळं जवळ बसवून पंधरा मिनिटं दिली, हे त्यांचं मोठेपण. सांगितलं की बाईचा दंड धरून ओढलं, त्यामागे विनयभंगाचा हेतू किंवा जाणीव दिसत असेल तर कलम ७४ बघावं लागेल, ते दखलपात्र आहे आणि शिक्षा १ ते ५ वर्षं, पण ओढलं म्हणजे आपोआप ७४ असं नाही, खोटं चढवून लिहू नका, घडलं तसंच लिहा. मारायच्या तयारीनेच कोणी आत घुसला, काठी वगैरे घेऊन, तर कलम ३३३, जुनं ४५२, ७ वर्षांपर्यंत. आणि एक गोष्ट जी आम्हा दोघींनाही नवीन होती, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा जो २०१३ चा कायदा आहे त्याच्या कलम १९ मध्ये मालकाची जबाबदारी लिहिली आहे की कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनसुद्धा सुरक्षित वातावरण द्यायचं. पालक बाहेरचेच. नातेवाईकही बाहेरचेच. तो कायदा फक्त लैंगिक छळापुरता आहे हे मॅडमने परत परत सांगितलं, पण शाळेला पत्र लिहिताना सुरुवात कुठून करायची ते तरी मिळालं. नणंद परतताना मेट्रोत तेच पत्र मोबाईलवर टाइप करत होती, वर्गापर्यंत पालकांना पासशिवाय सोडू नका, भेटीची वेळ ठरवा, भेटताना दुसरी शिक्षिका सोबत द्या. तर क्लास चालवणाऱ्यांना विनंती आहे, शिक्षकांची बॅच वेगळी ठेवा. पाऊण तास उरलेला देऊन त्यांच्याकडून सारखीच फी घेणं बरोबर नाही.

अजून दोन तक्रारी. जी बारा पानांची झेरॉक्स दिली त्यात कायद्याचा मजकूर इंग्रजीत आहे, अर्ध्या लोकांनी ती पिशवीत टाकली ती परत काढणार नाहीत. उलट जे लॅमिनेट केलेलं छोटं मराठी कार्ड दिलं ते सोन्यासारखं आहे, एका बाजूला ठाण्यात म्हणायचं वाक्य आणि नोंदणी क्रमांकासाठी जागा, दुसऱ्या बाजूला पोलिसांचा ११२ नंबर आणि पहिल्या सहा तासांत काय काय करायचं. झेरॉक्स बंद करा आणि कार्डं दोन-दोन द्या. दुसरं म्हणजे हात उठायच्या आधी काय, यावर एक शब्द नाही. माझ्या बारा वर्षांत मी जेवढे प्रसंग बघितले त्यातले बरेचसे वाट पाहण्यातून, पैशातून नाहीतर मृत्यूची बातमी व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगण्यातून झाले. गडचिरोली, बालाघाटकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला दर पंधरा मिनिटांनी कोणी येऊन फक्त एवढं सांगितलं की आत काय चालू आहे, तरी फार फरक पडतो. मी मारणाऱ्याची बाजू घेत नाही. पण मार खाऊन झाल्यावर कायदा कसा लावायचा हे शिकवताना अर्धा तास यालाही द्यायला पाहिजे होता, आणि तो शिकवायला वकिलापेक्षा एखादी जुनी इन्चार्ज सिस्टर बोलवावी.

एसी चालू नव्हता, एप्रिलचं नागपूर, काय सांगू. पोहे मात्र गरम होते, तर्री वेगळ्या डब्यात.

सगळं संपल्यावर मी थांबले आणि माझी एनसीची पावती मॅडमला दाखवली. पर्समध्येच होती, सव्वा वर्ष तशीच. विचारलं की मॅडम, आता तर मेलं असेल ना हे? त्यांनी तारीख बघितली आणि बोटांवर मोजलं. म्हणाल्या तुमच्या ११५ पोटकलम २ ला शिक्षा १ वर्षापर्यंतच आहे, तशा गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदतपण १ वर्ष, ती गेली. पण २०१० च्या कायद्यात शिक्षा ३ वर्षांपर्यंत, म्हणून मुदत ३ वर्षं. तुमच्याकडे अजून पावणेदोन वर्षं आहेत. मग लगेच हेही म्हणाल्या की उशीर झालाय, फुटेज नाही, एमएलसी नाही, समोरचा वकील यावरच बोलणार, खोटी आशा देत नाही, पण दार बंद नाही.

मला एवढंच ऐकायचं होतं बहुतेक. तिथेच जिन्यात बसून रडले थोडी, नणंदेने पाण्याची बाटली दिली.

मंगळवारी ऑफ होता, अर्ज घेऊन ठाण्यात गेले. कार्डावरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आवाज नीट आला. ठाणे अंमलदाराने दोनदा वाचलं, आत जाऊन कोणाला तरी विचारून आले, उशीर काऊन केला ताई म्हणाले, मी खरं काय ते सांगितलं. एफआयआर अजून झालेला नाही. अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांकाची प्रत माझ्याकडे आहे, पंधरा दिवस वाट बघेन नाहीतर डीसीपी ऑफिसला पोस्टाने पाठवेन. साक्षीदार म्हणून गार्ड काकांनी सही केली, स्वतःहून, मी विचारायच्या आधीच. त्यांच्या पाठीचं मी अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहिलंय, कुठलं कलम लागायचं ते लागो.

जायचं असेल तर पुढची बॅच मेमध्ये आहे असं तिथे सांगितलं. गाडी नेऊ नका, धंतोलीत रविवारी पण पार्किंग मिळत नाही, मेट्रोने काँग्रेस नगरला उतरून पायी जा. नोंदणीचं कार्ड सोबत न्या, नंबर तिथेच लिहून घेतात. आणि सोबत तुमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसमधलं कोणी एक तरी न्या.